अपेक्षाभंगाचा पंचनामा

नंदुरबारहून तळोद्यावरून अक्कलकुव्याकडे परतणारी संध्याकाळची एस.टी. तापीचा पूल ओलांडून सातपुड्याच्या दिशेस लागली की, शहरात चित्रपट पाहून निघालेली मंडळी झालेल्या खर्चाचा हिशेब मांडू लागतात; आणि चित्रपट फसलेला असेल तर तो हिशेब थेट अक्कलकुव्याच्या आगारापर्यंत पुरतो. अशाच एका परतीच्या प्रवासात आम्ही सहा जण होतो, सहाही जण एकाच चित्रपटाने निराश झालो होतो, आणि तरीही कोणा दोघांची फिर्याद एक नव्हती. माझ्या नातवाला मारामारी कमी वाटली. सूनबाईंना नायिकेचे वागणे पटले नाही. शेजारच्या गुरुजींना इतिहासाची मोडतोड खुपली. त्यांच्या पत्नीला एकही गाणे आठवेना. शेतीच्या कामातून सवड काढून आलेल्या माझ्या मित्राचे म्हणणे एवढेच, की बसभाड्यासकट जो खर्च झाला तो बियाण्यावर केला असता तर निदान काही उगवले तरी असते. आणि मला, खरे सांगावयाचे तर, मध्यंतरानंतर डुलकी लागली होती.

महसूल खात्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात माझे उभे आयुष्य गेल्यामुळे, एकाच घटनेच्या सहा जबान्या परस्परांशी जुळत नसल्या की कोणास खोटे ठरविण्याआधी जागेवर जाऊन पंचनामा करावा, अशी सवय अंगी भिनली आहे. तीच सवय मी पुढे चित्रपटांना लावली. मी समीक्षक नव्हे, चित्रपटकलेचे शास्त्रही मला अवगत नाही. सवड मिळाली की पाहणारा आणि पाहिल्यावर चार शब्द बोलणारा मी एक सामान्य प्रेक्षक आहे. परंतु निराशा करणारे चित्रपट पुष्कळ पाहिल्यावर मजसारख्या इतर प्रेक्षकांस उपयोगी पडतील अशा काही गोष्टी ध्यानी आल्या, त्या येथे क्रमाने नमूद करतो.

करारनामा आधी वाचावा

पहिली गोष्ट ही, की प्रत्येक चित्रपट हा प्रेक्षकाशी केलेला एक करार असतो आणि जाहिरात हा त्या कराराचा मसुदा असतो. भयपट भीती देण्याचे कबूल करतो, विनोदी चित्रपट हसविण्याचे, पौराणिक चित्रपट श्रद्धेला रूप देण्याचे आणि ऐतिहासिक चित्रपट गेलेला काळ डोळ्यांपुढे उभा करण्याचे. आपली निराशा ही कराराच्या कोणत्या कलमाचा भंग झाल्यामुळे उत्पन्न झाली, हे ज्यास सांगता येत नाही त्याची तक्रार कितीही मोठ्या आवाजात केलेली असली तरी ती दाखल करून घेण्याजोगी नसते.

यास्तव तिकीट काढण्यापूर्वी तीन बाबी पाहाव्यात. चित्रपट कोणत्या प्रकारचा आहे, त्याची लांबी किती आणि त्यास प्रमाणपत्र कोणत्या वर्गाचे मिळाले आहे. सन 2024 च्या नियमांनुसार यूए वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटविभाग करण्यात आले आहेत; मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांनी तो आकडा अवश्य पाहावा, म्हणजे अर्ध्या चित्रपटात मुलाचे डोळे झाकण्याची पाळी येणार नाही. लांबी पाहण्याचे कारण आमच्या बाजूच्या लोकांस निराळे सांगावयास नको. ज्याचे चित्त शेवटच्या गाडीच्या वेळेत गुंतले आहे, त्यास कोणताही शेवट लांबलेलाच वाटणार.

आणि एक सावधगिरी बाळगावी. पहिल्या दिवसाच्या गल्ल्याचे आकडे हा गुणवत्तेचा दाखला मानू नये. सन 2018 च्या दिवाळीत ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ प्रदर्शित झाला तेव्हा अमिताभ बच्चन आणि आमिर खान प्रथमच एकत्र येत असल्यामुळे लोक इतक्या संख्येने लोटले, की पहिल्याच दिवशी पन्नास कोटींहून अधिक रकमेची नोंद झाली. आणि पुढील दोन-चार दिवसांत, पाहून आलेल्यांनी न पाहिलेल्यांस परावृत्त केल्यामुळे, तीच चित्रपटगृहे ओस पडू लागली. पहिल्या दिवसाचा गल्ला हा जाहिरातीचा वसूल असतो. चित्रपटाचा वसूल सोमवारपासून सुरू होतो. ज्यास भाडे खर्चून दूरवर जावयाचे आहे त्याने सोमवारपर्यंत धीर धरल्यास त्याचे काही नुकसान होत नाही.

प्रकारागणिक वचन निराळे

आता प्रकारवार विचार करू. पौराणिक चित्रपटाविषयी सांगावयाचे तर, सन 2023 मधील ‘आदिपुरुष’ पाहून ज्यांची निराशा झाली त्यांपैकी पुष्कळांनी संगणकावर रचलेल्या दृश्यांना दोष दिला, काहींनी संवादांना; आणि संवादांविरुद्धची ओरड तर एवढी वाढली, की प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत निर्मात्यांना काही वाक्ये बदलावी लागली. परंतु माझ्या मते मूळ कारण याहून खोल आहे. प्रभात कंपनीच्या 1936 मधील ‘संत तुकाराम’मध्ये जे चमत्कार दाखविले आहेत त्यांच्यामागील तांत्रिक युक्ती आजच्या शाळकरी पोरालाही ओळखता येईल, तरीही विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेवरील भाव इतका निःशंक आहे, की युक्ती ओळखूनही मन तिच्याशी वाद घालीत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात परक्या देशातील जाणकारांनी या चित्रपटाचा गौरव केला तो काही तुकोबांना वैकुंठास नेणाऱ्या विमानाच्या कारागिरीसाठी खचितच नव्हे. पौराणिक चित्रपटाचे वचन भव्यतेचे नसून श्रद्धेचे असते. पात्रांचाच विश्वास डळमळीत दिसला तर सोन्याची लंका उभारूनही ती उणीव भरून निघत नाही. म्हणून असा चित्रपट फसला असे वाटल्यास आधी पडद्यावरील भक्ताच्या डोळ्यांकडे पाहावे, मागाहून मागच्या देखाव्याकडे.

भयपटाच्या बाबतीत मात्र दोष पुष्कळदा प्रेक्षकाकडे निघतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण ‘तुंबाड’ हे आहे. नारायण धारपांच्या कथेचे बीज घेऊन कोकणातील अखंड पावसात, कुबट वाड्यात आणि मानवी लोभाच्या पोटात उतरणारा हा चित्रपट 2018 च्या ऑक्टोबरात आला, तेव्हा त्यास बेताचाच आश्रय मिळाला. 2024 च्या सप्टेंबरात तोच चित्रपट पुन्हा लावण्यात आला आणि पहिल्या खेपेहून अधिक कमाई करून गेला. दरम्यान चित्रपटातील एक चौकटही बदलली नव्हती. बदलली होती ती पाहणाऱ्यांची तयारी. दाराआडून कोणी तरी एकाएकी किंचाळेल या अपेक्षेने जो बसला, त्यास तेथील भीती दिसलीच नसेल, कारण ती दाराआड नव्हती, ती नायकाच्या मुठीतील नाण्यांत होती. भयपट भयावह वाटला नाही तर स्वतःस एवढेच विचारावे, की आपणांस दचकावयाचे होते की घाबरावयाचे होते. या दोन गोष्टी एक नव्हेत.

विनोदी चित्रपटाचा निवाडा सर्वांत सोपा आणि सर्वांत निष्ठुर असतो, कारण तेथे हसू हाच एकमेव पुरावा. हसू आले नाही तर दिग्दर्शकाची कैफियत ऐकून घेण्यास कोणी थांबत नाही. महेश कोठारे यांचा 1993 मधील ‘झपाटलेला’ माझ्या पिढीने आणि माझ्या नातवाच्या पिढीने सारख्याच आवडीने पाहिला. 2013 मध्ये त्याचा दुसरा भाग त्रिमितीत, डोळ्यांवर चष्मा चढवून पाहावयाच्या रूपात आला, रामदास पाध्ये यांचा बाहुला तात्या विंचू पूर्वीपेक्षाही जवळ येऊन भिववू लागला, आणि तरीही मला काही तरी उणे वाटत राहिले. घरी येऊन विचार करता उलगडा झाला, की पहिल्या भागात आम्ही बाहुल्यास पाहून हसत नव्हतो, त्यास पाहून उडालेली लक्ष्मीकांत बेर्डे यांची त्रेधा पाहून हसत होतो. आणि बेर्डे 2004 मध्येच आपल्यातून गेले होते. दुसरा भाग पाहावयास जाताना पहिल्या भागातील आपल्या आनंदाचे उगमस्थान कोणते, आणि ते दुसऱ्या भागात हजर आहे काय, याची रुजवात आधीच घालावी. उगम गैरहजर असेल तर निराशेची तयारी ठेवून जावे, अथवा जाऊच नये.

भविष्यकाळाच्या कथांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. 2008 मधील ‘लव्ह स्टोरी 2050’ने नावातच इसवी सन घालून वचन दिले, पण पुष्कळ वेळ वर्तमानातील नेहमीच्या प्रेमकथेतच घालविला. वायद्याची मुदत लांबत गेली की सावकारच नव्हे, प्रेक्षकही चिडतो.

याउलट माहितीपटाविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आमच्या तालुक्याचा त्याच्याशी जिव्हाळ्याचा संबंध आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातून प्रथम गेलेल्या गावांपैकी मणिबेली हे गाव अक्कलकुवा तालुक्यातील. आणि आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांनी 1995 मध्ये पूर्ण केलेला ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट नर्मदाकाठच्या बुडिताविरुद्धच्या लढ्याची रोजनिशी आहे. आमच्या ओळखीच्या काही तरुणांनी तो पाहून “यात गोष्टच नाही” अशी तक्रार केली, तेव्हा मी त्यांस म्हटले, की बाबांनो, रोजनिशीत कथानक शोधू नये. तेथे साक्ष शोधावी. साक्षीदार जे दिसले ते सांगतो की नाही, कोणाची बाजू तो गाळतो, कोणास बोलू देतो, हे पाहून माहितीपटाचे मोल ठरवावे. तो रंजक नाही हा दोष होऊ शकतो, परंतु तो गोष्ट सांगत नाही हा नव्हे.

अस्सल आणि नक्कल

जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ती हा निराशेचा हमखास झरा आहे. 2007 मध्ये ‘राम गोपाल वर्मा की आग’ या नावाने ‘शोले’चा नवा अवतार आला, खुद्द अमिताभ बच्चन त्यात खलनायक झाले, मूळ चित्रपटाच्या हक्कांवरून न्यायालयात खटला चालला, आणि लोकांच्या दरबारात तर तो पहिल्याच दिवशी निकाली निघाला. आता याच्या शेजारी आपल्या खानदेशाला लागून असलेल्या मालेगावचे उदाहरण ठेवावे. तेथे यंत्रमागांच्या खडखडाटात जगणाऱ्या हौशी मंडळींनी नासिर शेख यांच्या पुढाकाराने सन 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ तयार केला, तो नगण्य खर्चात आणि घरगुती साधनांनी. घोडे परवडेनात म्हणून दरोडेखोर सायकलींवर बसले. चित्रपट तालुक्याच्या गावचा, नट ओळखीचे, आणि तरीही तो पाहून कोणी पैसे बुडाल्याची फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. उलट त्या मंडळींच्या खटाटोपावर पुढे ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट निघाला आणि तो देशोदेशी पाहिला गेला.

एकीकडे नामांकित दिग्दर्शक, नामांकित नट आणि मुबलक द्रव्य, दुसरीकडे सायकली. तरी समाधान सायकलींच्या पदरी पडले, याचे कारण मालेगावकरांनी आपण नक्कल करीत आहोत हे आरंभीच कबूल केले होते आणि हसविण्याचे जे छोटे वचन दिले ते पाळले. ‘आग’ने मात्र अस्सल दस्तऐवजाची जागा घेण्याचा दावा केला. नागराज मंजुळे यांच्या 2016 मधील ‘सैराट’वरून दोन वर्षांनी निघालेल्या हिंदी ‘धडक’ने जी निराशा केली तिची जातकुळी थोडी निराळी. करमाळ्याच्या बाजूची कथा राजस्थानात नेण्यास माझी हरकत नाही. हरकत ही, की स्थलांतराच्या गडबडीत मूळ कथेचा कणा असलेला जातीचा प्रश्न सामानातून गळून पडला. नवी आवृत्ती पाहताना म्हणून काय बदलले हे मोजीत बसू नये. जे बदलावयास नको होते ते शिल्लक आहे काय, एवढेच पाहावे.

आपल्या मुलखाचे चित्र

एक निराशा आमच्या वाट्याला इतरांहून अधिक येते. हिंदी चित्रपटात आदिवासी दाखवावयाचा म्हटले की अंगावर रंग, डोक्यावर पिसे, हाती भाला आणि तोंडी निरर्थक ओरडणे, हा साचा कित्येक वर्षे चालत आला आहे. आणि आमच्या मोलगीकडच्या एखाद्या पोराने तो पाहून मान खाली घातलेली मी स्वतः पाहिली आहे. या साच्यास खोटे म्हणताना मात्र आपणही नेमके असावे. पिसे खोटी नाहीत. आमच्या तालुक्यातील काठी संस्थानच्या राजवाडी होळीत रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगावर राखेचे व रंगाचे ठिपके रेखलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा आणि बुध्या नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. परंतु ज्यांनी तो वेश घेतला ते काही दिवस आधीपासून पाळणी पाळतात, जमिनीवर निजतात, नवस फेडतात. चित्रपटवाल्यांनी पिसे उचलली आणि व्रत मागे ठेवले. लबाडी तेथे आहे. ‘जैत रे जैत’ने 1977 मध्ये ठाकर समाजाची कथा सांगताना नाच-गाणे टाळले नाही, उलट भरपूर घेतले, पण त्या गाण्यामागे नायक नाग्याचा सूड, त्याची श्रद्धा आणि त्याचे दुःख उभे होते, म्हणून ते परके वाटत नाही. आपल्या मुलखाचे चित्रण पाहून राग आल्यास केवळ “आमची बदनामी केली” म्हणून थांबू नये. काय गाळले ते सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्यास उत्तर देता येत नाही.

पंचनाम्याची पद्धत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. चित्रपट संपल्याबरोबर निवाडा देऊ नये; निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, कारण खुर्चीने आखडलेली पाठ, जाहिरातींचा कंटाळा आणि महागड्या लाह्यांचा संताप हे सर्व चित्रपटाच्या नावे खर्ची पडण्याचा संभव असतो. दुसऱ्या दिवशी साध्या वहीत पाच रकाने आखावेत. पहिल्यात, चित्रपटाने काय कबूल केले होते. दुसऱ्यात, काय मिळाले. तिसऱ्यात, आपण प्रथम घड्याळाकडे कोणत्या प्रसंगी पाहिले, कारण करार बहुधा तेथेच मोडलेला असतो. चौथ्यात, दोष कोणाचा, म्हणजे कथेचा, नटाचा, दिग्दर्शकाचा, चित्रपटगृहातील फुटक्या आवाजाचा की आपल्या स्वतःच्या अपुऱ्या झोपेचा. आणि पाचव्यात, काय चांगले होते. पाचवा रकाना कोरा सोडण्याची मी स्वतःला सहसा परवानगी देत नाही. अत्यंत भिकार चित्रपटातही कोठे तरी एखादा दुय्यम नट जीव ओतून काम करून गेलेला असतो, आणि त्याची नोंद कोणी तरी ठेवावयास हवी.

दुसऱ्यास सांगताना “चित्रपट टाकाऊ आहे” असे न म्हणता “मला अमुक हवे होते, ते मिळाले नाही” असे म्हणावे. म्हणजे ज्यास ते अमुक नकोच आहे, तो निश्चिंत मनाने तिकीट काढू शकतो. सांगताना शेवट फोडू नये, नट-नट्यांच्या रूपावर आणि खाजगी आयुष्यावर घसरू नये, आणि ज्यास तोच चित्रपट आवडला त्याची अक्कल काढू नये. तो तीन तास सुखात होता आणि आपण नव्हतो, तेव्हा व्यवहारात कोणाचा फायदा झाला हे उघड आहे. घरी मोबाइलवर पाहत असाल तर अर्ध्या तासाची मुदत द्यावी आणि मन रमले नाही तर बिनदिक्कत बंद करावे. मात्र अर्धा तास पाहून बंद केलेल्या चित्रपटाविषयी “सोडून दिला” एवढेच बोलण्याचा हक्क उरतो, “वाईट आहे” असे म्हणण्याचा नव्हे.

फेरतपासणीचा अधिकार

शेवटची सूचना अशी, की कोणताही निवाडा अखेरचा समजू नये. 1975 च्या स्वातंत्र्यदिनी प्रदर्शित झालेला ‘शोले’ पहिल्या काही दिवसांत धंद्यातील जाणकारांनी बुडीत खात्यात टाकला होता. तोच पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ मुक्काम करून राहिला. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ 1959 मध्ये कोसळला तो इतका, की त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी आपले नाव कोणत्याही चित्रपटास दिले नाही. आज त्याचे नाव घेतल्यावाचून हिंदी चित्रपटाचा इतिहास लिहिला जात नाही. 1983 मधील ‘जाने भी दो यारों’ची कथा याहून फारशी निराळी नाही.

आणि या बाबतीत माझी स्वतःची एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. तरुणपणी राज कपूर यांचा ‘मेरा नाम जोकर’ पाहावयास मी गेलो होतो. मूळचा सुमारे चार तासांचा तो चित्रपट 1970 मध्ये पडला आणि त्याच्या कर्जातून राज कपूर यांना ‘बॉबी’ने बाहेर काढले, ही हकीकत मला ठाऊक होती, त्यामुळे कंटाळण्याची तयारी मी घरूनच करून निघालो होतो. शेवटची गाडी चुकू नये म्हणून तिसरा भाग सुरू होताना मी उठलो, आणि पुढे कित्येक वर्षे कचेरीत, चहाच्या टपरीवर, लग्नकार्यात, संपूर्ण चित्रपट भिकार असल्याचा निवाडा मी देत राहिलो. सेवानिवृत्तीनंतर एका दुपारी तो घरच्या दूरचित्रवाणीवर लागला आणि अडविणारी कोणतीही गाडी नसल्यामुळे मी तो अखेरपर्यंत पाहिला. शिक्षिकेवर मूकपणे जीव जडलेल्या शाळकरी राजूचा तो पहिला भाग पाहताना माझे डोळे भरून आले. तिसरा भाग मात्र खरोखरच लांबलेला आणि सैल निघाला.

वही काढली आणि जुना शेरा खोडला. जो भाग मी डोळ्यांनी पाहिला होता त्याविषयीचा माझा निवाडा चुकला होता, आणि जो मी पाहिलाच नव्हता त्याविषयीचा बरोबर निघाला होता. यापुढे माझ्या मतावर विसंबून कोणी तिकीट काढणार अथवा काढावयाचे राहणार असेल, तर त्याने हे प्रकरण विचारात घ्यावे.